प्रति: निसर्गोपचाराचा डिप्लोमा आणि दवाखाना

"पत्राद्वारे वर्षभराचा डिप्लोमा केला की निपाणीत निसर्गोपचाराचा दवाखाना टाकता येतो" असं इथे एकाने लिहिलंय. कृपा करून त्या भरवशावर कुणी गाळा भाड्याने घेऊ नका. कर्नाटकात १९६१ च्या कायद्याखाली डॉक्टर म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची पदवी लागते, म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. दवाखान्याची नोंदणी वेगळी, केपीएमई कायदा २००७ (कर्नाटकाचा खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा) प्रमाणे. ती जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा प्राधिकरणाकडे होते. डॉक्टर म्हणून पहिली नोंदणी हातात आली म्हणून लगेच बोर्ड लावायचा नसतो.

आणखी एक, सीमाभागात महत्त्वाचं. केंद्राचा २०२० च्या कायद्याखालचा भारतीय चिकित्सा आयोग आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) एवढंच बघतो. निसर्गोपचार त्यात नाही, त्यामुळे त्याची त्या कायद्याखालची राष्ट्रीय नोंदवहीही नाही. बेळगावात मिळालेला नोंदणी क्रमांक महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला आपोआप चालेल असं धरू नका.