मराठी शाळेत शिकवायला जातो, गाडीचा खर्च टॅक्समधे धरता येतो का?

रविवारचा_मास्तर:
मंडळी, २०२५ चं रिटर्न भरायला बसलोय. दर रविवारी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी शाळेत शिकवायला जातो, एक पैसा न घेता, जाऊन येऊन ४४ मैल, वर्षात ३६ रविवार झाले म्हणजे १,५८४ मैल. शाळा ५०१(सी)(३) आहे, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत मिळणारी ना-नफा संस्था. मी आपला मैलाला ७० सेंटच्या रेटने गुणाकार केला तर अकराशे डॉलरच्या वर गेलं म्हणून खूश झालो, पण बायको म्हणते एवढं कोण देतंय, आधी कुणालातरी विचार. आणि शिकवण्याच्या दोन तासांचं काही लावता येतं का?

जमाखर्च:
वहिनी बरोबर आहेत :) ७० सेंट बिझनेससाठी. चॅरिटीला फक्त १४ सेंट. हा आकडा थेट कायद्यातच लिहून ठेवलाय, आयआरएस (टॅक्स खातं) तो दरवर्षी वाढवू शकत नाही, म्हणून १९९८ पासून तिथेच अडकलाय. तुमचे झाले २२१ डॉलर ७६ सेंट. टोल, पार्किंग दिलं असेल तर ते वरून वेगळं. वेळेचे शून्य.

जुनी_मिनीव्हॅन:
१४ सेंटच घ्या असं काही नाहीये हां, गॅस (पेट्रोल) आणि ऑइलचा खरा खर्चही धरता येतो. माझी व्हॅन गॅलनला जेमतेम २० मैल देते, गॅस साडेतीन डॉलरने भरला तर मैलाला साडेसतरा सेंट पडतात, म्हणजे मला तेच परवडतं. इन्शुरन्स, टायर, रिपेअर, डेप्रिसिएशन (गाडीची घटलेली किंमत) मात्र नाही. कटकट एवढीच की पावत्या जपायच्या आणि भरलेल्या टाकीतला शाळेचा हिस्सा किती ते काढत बसायचं.

रविवारचा_मास्तर:
पावत्या कुठल्या ठेवल्यात! ग्लव्हबॉक्समधे एक वही आहे, त्यात तारीख आणि मैल लिहितो. मुलगी पण त्याच शाळेत आहे, त्याने फरक पडतो का?

जमाखर्च:
वही आहे हेच खूप झालं, बहुतेक लोक एप्रिलमधे बसून अंदाजपंचे मैल लिहितात. कशासाठी गेलात आणि संस्थेचं नाव पण त्यात हवं. मुलगी सोबत आली म्हणून बिघडत नाही, तुम्ही शिकवायलाच चाललाय, पण ज्या रविवारी तुमचा वर्ग नव्हता आणि नुसतं तिला सोडायला गेलात ते कापा. आता मुख्य प्रश्न, तुम्ही आयटमाइज करता का, म्हणजे एकेक वजावट मोजून दाखवता का? जोडीने भरत असाल तर २०२५ ला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे काही न मोजता मिळणारी ठरलेली वजावट, ३१,५०० डॉलर आहे, होम लोनचं व्याज, राज्याचा टॅक्स, देणग्या सगळं मिळून त्याच्या वर गेलं तरच हे २२१ कामाचे.

रविवारचा_मास्तर:
आत्ता बेरीज केली, सगळं मिळून तेवीस हजार. आणि वही चाळली तर पाच रविवार नुसतं सोडायला गेलो होतो. बायको किचनमधून विचारतेय किती सुटले, काय सांगू?