डिंक विरघळणे आणि डिंक फुगणे

पाण्यात न विरघळणारा डिंक भेसळीचाच, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. बाभळीच्या जातकुळीतला अरबी डिंक आणि कांडोळ या झाडाचा डिंक हे दोन्ही बहुशर्करांचेच (अनेक शर्करा जोडून झालेल्या मोठ्या रेणूंचेच) बनलेले असले, तरी त्यांच्या रेणूंची ठेवण वेगळी असते. अरबी डिंकाचा रेणू दाट फांद्यांचा आणि आटोपशीर असल्यामुळे द्रावणात निम्मे वजन डिंकाचे होईपर्यंत तो विरघळतो, आणि थोड्या प्रमाणात असताना तर द्रावण अगदी पातळच राहते. कांडोळाच्या डिंकातील शर्करांना मात्र अ‍ॅसिटिल गट (अ‍ॅसिटिक आम्लापासून आलेले छोटे अणुसमूह) जोडलेले असतात. त्यामुळे त्याचे कण पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतात, पण विरघळत नाहीत. या डिंकाची जुनी बरणी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो हेच गट सुटून तयार झालेल्या अ‍ॅसिटिक आम्लाचा. सौम्य अल्कलीने ते गट काढून टाकले, की तोच डिंक विरघळू लागतो.

लाडवांसाठी तुपात सोडलेला खडा फुलतो, तो मात्र आतल्या १० ते १५ टक्के ओलाव्याची वाफ झाल्याने. 

भेसळच तपासायची असेल, तर चूर्ण अल्कोहोलमध्ये टाकून पाहावे: राळ बहुतांशी विरघळते, डिंक तळाशी तसाच राहतो. पिठाचा संशय असल्यास डिंकाचे पाण्यातले द्रावण उकळून, पूर्ण गार करून त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. गडद निळा रंग आला, तर त्यात स्टार्च, म्हणजे पिठातले पिष्ट, आहे.