ऑटो-डार्क वेल्डिंग हेल्मेट : आर्गनला काच उघडते, शेजारच्या आर्कला काळी होते, सेटिंग कसे लावावे?

मकरपुरा_फॅब

नमस्कार. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीमध्ये (औद्योगिक वसाहतीत) आमचे फॅब्रिकेशनचे लहानसे युनिट आहे. एमएस (साधे पोलाद) स्ट्रक्चरचे वेल्डिंग रॉडने आणि एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपांचे वेल्डिंग आर्गनने (टिग पद्धतीने) होते. दोन्ही कामे एकाच छपराखाली, मध्ये पडदा न लावता चालतात. आतापर्यंत कारागीर हातात धरायची काळी काच वापरत असत. दिवाळीनंतर सर्वांना ऑटो-डार्क हेल्मेट (वेल्डिंग सुरू होताच काच आपोआप काळी होणारी) दिली, तेव्हापासून तक्रारी सुरू आहेत.

आर्गनवर करंट चाळीस अँपिअरच्या आसपास आणला की काच मध्येच उघडते (पुन्हा फिकट होते) आणि डोळ्यांवर झगझगाट येतो. रॉडवाल्याचे उलटे आहे: शेजाऱ्याने आर्क (वेल्डिंगची झगझगती विद्युत ठिणगी) मारला तरी त्याची काच काळी होते आणि जॉब दिसेनासा होतो. शिवाय आमच्याकडचे सर्वांत जुने वेल्डर हे हेल्मेट घालायलाच तयार नाहीत; काच काळी होण्याआधी आर्क डोळ्यांत जातोच, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे, आणि शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा), सेन्सिटिव्हिटी (आर्क ओळखणारा सेन्सर किती मंद प्रकाश पकडेल ते) व डिले ही तीन बटणे नेमकी कोणत्या हिशेबाने लावावीत, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

सुरक्षा_वाघोडिया

आधी तुमच्या ज्येष्ठ वेल्डरांच्या शंकेचे बोलू, कारण ती शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मिळाल्याशिवाय बटणांची चर्चा त्यांना पटणार नाही. या काचेत दोन वेगवेगळी कामे होतात. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो. काच उघडी असो, काळी असो किंवा बॅटरी संपलेली असो, प्रमाणित फिल्टरमध्ये हे किरण अडतातच. लिक्विड क्रिस्टलचा थर फक्त दिसणारा प्रकाश कमी करतो, आणि चांगल्या काचेत ते काम सेकंदाच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागात होते. म्हणजे डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग ज्या किरणांमुळे होते, ते त्या क्षणातही आत येत नाहीत. अर्थात, ही हमी प्रमाणित काचेपुरतीच आहे. तसेच काच वारंवार उघडमीट करीत असेल तर ती तशीच वापरावी असा याचा अर्थ नव्हे, कारण दिसणारा तीव्र प्रकाशही डोळ्याच्या पडद्याला त्रासदायक असतो.

शेडचा आकडा एकाने वाढला की आत येणारा प्रकाश आधीच्या साधारण ३७ टक्के उरतो. उघडी काच ३ किंवा ४ शेडची असते. ३ शेडमधून सुमारे १४ टक्के प्रकाश येतो, तर १० शेडमधून जेमतेम ०.०१४ टक्के. त्यामुळे ‘एकच आकडा कमी केला’ हे वाटते तेवढे किरकोळ नसते. अमेरिकी वेल्डिंग मानकांतल्या तक्त्यानुसार, ६० ते १६० अँपिअरवर रॉडचे काम असेल तर किमान शेड ८ आणि सोयीची शेड १० धरतात; १६० ते २५० अँपिअरवर किमान १० आणि सोयीची १२. आर्गनवर ५० अँपिअरच्या खाली किमान ८ व सोयीची १०, तर ५० ते १५० अँपिअरवर किमान ८ व सोयीची १२. सीओटूवर (तारेच्या मिग वेल्डिंगवर) ६० अँपिअरच्या वर किमान शेडच १० आहे, आणि हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. शेड लावताना सुरुवात नेहमी गडद बाजूने करावी: वितळलेला धातू आणि जॉइंटच्या कडा दिसणार नाहीत इतकी गडद काच घ्यावी, मग एकेक आकडा खाली येत जिथे त्या स्वच्छ दिसतील तिथे थांबावे, पण किमान आकड्याच्या खाली जाऊ नये.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी सेन्सिटिव्हिटीच्या आहेत आणि त्या परस्परविरुद्ध आहेत, म्हणून सर्व हेल्मेटना एकच सेटिंग लावून त्या सुटणार नाहीत. कमी करंटचा आर्गनचा आर्क मंद आणि स्थिर असतो, त्यामुळे कमी सेन्सिटिव्हिटीवर सेन्सरला तो ओळखता येत नाही. तिथे सेन्सिटिव्हिटी वाढवावी. रॉडवाल्याने ती कमी करावी, पण स्वतःचा आर्क प्रत्येक वेळी पकडला जातो याची खात्री करीत, टप्प्याटप्प्याने. छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन थेट सेन्सरवर पडत असेल तरीही काच विनाकारण काळी होते, तेव्हा उभे राहण्याची दिशा बदलून पाहावी. पण शेजारच्या आर्कचा खरा इलाज बटणात नाही. दोन बेंचांमध्ये वेल्डिंगचा पडदा लावावा. तो हेल्मेट वर करून उभ्या असलेल्या हेल्परच्याही कामाचा आहे.

डिले म्हणजे आर्क विझल्यावर काच किती वेळाने उघडावी ते. बहुतेक हेल्मेटमध्ये ते ०.१ ते १ सेकंदापर्यंत बदलता येते. भरपूर टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारायचे असतील तर कमी ठेवावे, जास्त करंटवर वाढवावे, कारण आर्क विझल्यावरही वितळलेला धातू काही काळ लखलखत असतो.

पाइप_फिटर

वरील उत्तरात एक भर घालतो. तुमचे काम पाइपांचे आहे, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवूनही काच उघडत असेल तर सेन्सर झाकला जातो आहे का ते पाहा. पाइपाच्या खालच्या अंगाला वेल्डिंग करताना स्वतःचा हात, टॉर्च किंवा शेजारचा पाइप सेन्सर आणि आर्क यांच्या मध्ये येतो. स्वस्त हेल्मेटला दोनच सेन्सर असतात; अशा कामाला चार सेन्सरचे हेल्मेट घ्यावे, तिथे कंजूषी करू नये. सेन्सरवर बसलेला स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) आणि काजळी हेदेखील तेवढेच नेहमीचे कारण आहे.

आतला पट्टा बसवण्याकडे कोणीच लक्ष देत नाही. वरचा पट्टा असा लावावा की मागच्या चाकाने घट्ट केलेला पट्टा भुवयांच्या थोडा वर टेकेल, आणि काच दोन्ही डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर राहील. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर दोन डोळ्यांना काळेपणा कमी-जास्त दिसतो. बाहेरची संरक्षक काच धुरकटली की कारागीर ती बदलण्याऐवजी शेड खाली आणतात. ती काच स्वस्त असते. दहा-बारा एकदम आणून ठेवाव्यात. नव्या काचेवरची पातळ फिल्म काढायला विसरू नये, हेही सांगावे लागते!

नेत्रतपासनीस_दांडियाबाजार

आर्क लागलेल्या डोळ्यांचा त्रास लगेच जाणवत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, डोळे चुरचुरतात, पाणी येते आणि उजेड सहन होत नाही. नवी हेल्मेट आल्यावरही कोणाला असा त्रास होत असेल तर तो काचेमुळेच झाला असे धरून चालू नये. शेजारचा आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला जाणे, किंवा चकचकीत एसएसवरून परावर्तित झालेले किरण हेल्मेटच्या मागच्या बाजूने आत येणे, ही कारणे आधी तपासावीत. हेल्मेटच्या आत पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा घातल्यास असे किरण बऱ्याच अंशी अडतात. त्रास सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो, तरीही डोळे दाखवून घ्यावेत. बटाट्याच्या चकत्या किंवा दूध डोळ्यांवर ठेवू नये, आणि बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने वारंवार घालू नयेत, कारण त्यांनी वेदना थांबते पण बुबुळावरची इजा भरून येण्यास अडथळा होतो.

चाळिशी लागलेल्या कारागिरांसाठी हेल्मेटच्या आत बसणारे भिंग मिळते. पुष्कळदा ‘काच फार काळी आहे’ ही तक्रार प्रत्यक्षात जवळचे न दिसण्याची असते.

मकरपुरा_फॅब

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पडदे उद्याच मागवतो. दोन गोष्टी राहिल्या. ग्राइंडिंगच्या वेळी कारागीर काच ‘ग्राइंड’वर ठेवतात आणि तसेच वेल्डिंगला बसतात, त्याचे काय करावे? आणि गॅस कटिंगला तसेच हातात धरायच्या नव्या लेझर वेल्डिंग मशीनला हीच हेल्मेट चालतील का?

सुरक्षा_वाघोडिया

ग्राइंड मोडमध्ये काच उघड्याच शेडवर अडकून राहते आणि आर्क लागला तरी काळी होत नाही, म्हणून ज्या हेल्मेटवर या मोडचा दिवा लुकलुकतो तेच पुढच्या खरेदीत घ्यावे. तोपर्यंत ग्राइंडिंगसाठी वेगळा पारदर्शक फेस शील्ड ठेवणे सर्वांत सोपे. वेल्डिंगला बसण्यापूर्वी हेल्मेटवरचे टेस्टचे बटण दाबून काच काळी होते का ते पाहण्याची सवय लावावी. आर्ककडे बघून परीक्षा घेऊ नये.

गॅस कटिंगच्या ज्योतीला हे सेन्सर भरवशाने प्रतिसाद देत नाहीत. त्या कामाला शेड ५ चा वेगळा चष्मा पुरतो. खूप जाड प्लेट असेल तर ६.

लेझरला मात्र हे हेल्मेट अजिबात वापरू नये. त्या मशीनचा किरण साधारण १०७० नॅनोमीटरचा आणि डोळ्याला न दिसणारा असतो, आणि साध्या वेल्डिंग काचेची चाचणी त्या तीव्रतेसाठी झालेली नसते. त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित चष्मा व फेस शील्ड घ्यावा, आणि मशीन चारही बाजूंनी बंद केलेल्या वेगळ्या जागेत बसवावे. तुमच्या मोकळ्या कारखान्यात, नुसत्या पडद्यांच्या भरवशावर, ते चालवता येणार नाही.