अल्टेरिक्स: वरिष्ठ–कनिष्ठ उतरंड बांधणारा इटरेटिव्ह मॅक्रो थांबत नाही

रकाना_सात: अल्टेरिक्समध्ये (टूल तारांनी जोडून डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर) एचआरचा एक्स्पोर्ट घेतला आहे. त्यात तीनच कॉलम आहेत: कर्मचारी क्रमांक, नाव, वरिष्ठाचा क्रमांक. प्रत्येकाची पातळी आणि सीईओपर्यंतची साखळी हवी आहे. एकापुढे एक जॉइन (दोन याद्या समान क्रमांकावर जुळवणारं टूल) लावून सहा पातळ्या निघतात, सातवी आली की पुन्हा नवा जॉइन. म्हणून सीईओच्या ओळीपासून खाली उतरणारा इटरेटिव्ह मॅक्रो (एका फेरीचा निकाल पुढच्या फेरीला देत राहणारा) केला. तो 100 फेऱ्या मारून इशारा देतो आणि ओळी मूळ यादीच्या जवळपास शंभरपट होतात. काही साखळ्या शेवटी तुटलेल्याही आहेत. कुठे चुकतंय?

तारजोड: सीईओच्या ओळीत वरिष्ठ म्हणून त्यांचाच क्रमांक असणार. मग दर फेरीत ती ओळ स्वतःशीच जुळते आणि तिच्यामागून अख्खी कंपनी पुन्हा खाली उतरते. मॅक्रोच्या आधी फॉर्म्युला टूल लावा: दोन्ही क्रमांक सारखे असतील तर वरिष्ठ नल (रिकामा).

मांडणी अशी ठेवा. मॅक्रो इनपुट दोन. पहिल्यात फक्त चालू पातळीचे लोक; सुरुवातीला वरिष्ठ नल असलेले, पातळी 1, साखळीत स्वतःचा क्रमांक. दुसऱ्यात पूर्ण यादी, ती दर फेरीला तशीच राहते. पहिल्या इनपुटची एक तार थेट मॅक्रो आउटपुटला द्या, हा तुमचा निकाल. दुसरी तार जॉइनच्या एल (डाव्या) इनपुटला, यादी आर (उजव्या) इनपुटला; डावीकडे कर्मचारी क्रमांक, उजवीकडे वरिष्ठाचा क्रमांक. जॉइनच्या ‘जे’ आउटपुटमधून (जुळलेल्या ओळी) पुढच्या पातळीचे लोक निघतात. त्यांच्या पातळीत 1 मिळवा, साखळीला उभी रेघ आणि नवा क्रमांक जोडा. मग सिलेक्टने कॉलमची नावं आणि प्रकार पहिल्या इनपुटसारखेच करून दुसऱ्या मॅक्रो आउटपुटला पाठवा. इंटरफेस डिझायनरच्या प्रॉपर्टीजमध्ये हाच इटरेशन आउटपुट आणि पहिला इनपुट हा इटरेशन इनपुट. ‘जे’ आउटपुट रिकामं झालं की मॅक्रो आपोआप थांबतो. कमाल फेऱ्या 100 वरून 25 वर आणा, बिघाड लवकर कळतो.

साखळी तुटते ती कॉलमची लांबी अपुरी पडल्यामुळे. 6 अंकी क्रमांक आणि 12 पातळ्या धरल्या तरी रेघांसकट 83 अक्षरं होतात. मॅक्रोच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लांबी 500 ठेवा.

रकाना_सात: तेच होतं! आता 9 फेऱ्यांत थांबतो. पण यादीपेक्षा 14 लोक कमी येतात.

उभी_रेघ: ते 14 जण हीच खरी कमाई आहे, त्यांना गाळून टाकू नका. वरून उतरताना ज्यांच्यापर्यंत पोचता येत नाही ते दोन प्रकारचे: ज्यांच्या वरिष्ठाची ओळच यादीत नाही (बहुधा नोकरी सोडलेला वरिष्ठ) ते आणि त्यांच्या हाताखालचे, आणि जे एकमेकांचे वरिष्ठ होऊन बसलेत किंवा अशांच्या हाताखाली आहेत. अर्धवट नोंदवलेल्या बदल्यांतून हे होतं. वेगळे काढायला वरिष्ठाचा क्रमांक यादीशी जॉइन करा. जे जुळत नाहीत, त्यांना 'बेवारस' नावाच्या कृत्रिम मुळाखाली टाकून मॅक्रो पुन्हा चालवा. तरीही जे उरतील ते चक्रातले किंवा चक्राखालचे. ती यादी एचआरकडेच दुरुस्तीला गेली पाहिजे.

एखाद्याला दोन वरिष्ठ असतील तर मात्र हा भरवसा संपतो. तेव्हा वरून उतरतानाही चक्रात शिरता येतं, शिवाय त्याच्या हाताखालचे सगळे दुप्पट मोजले जातात. प्रशासकीय वरिष्ठ तेवढाच ठेवा आणि कर्मचारी क्रमांकावर युनिक टूल लावून खात्री करा. क्रमांक दोन्हीकडे स्ट्रिंगच असावेत. एक्सेलमधून येताना पुढची शून्यं गळून 00482 चा 482 झाला तर माणूस विनाकारण बेवारस ठरतो.

तारजोड: पुढे कोणाच्या हाताखाली एकूण किती लोक, हे हवं असेल तर पातळीनिहाय कॉलम करत बसू नका. टेक्स्ट टू कॉलम्सने साखळी उभ्या रेघेवर ओळींमध्ये फोडा, म्हणजे वरचा प्रत्येक माणूस आणि कर्मचारी अशी एकेक जोडी मिळते. समराइझ टूलमध्ये वरच्या क्रमांकावर गट करून काउंट घ्या आणि 1 वजा करा, कारण साखळीत तो स्वतःही असतो.