मदत हवी आहे: रास्पबेरी पायच्या सिरीयल पोर्टवर नुसता कचरा येतोय

मळेवाला:
पॉलिहाऊसमधला रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) रात्री दोन-तीनच्या सुमारास अडकतो आणि फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारा) तसाच चालू राहतो. परवा सकाळी गेलो तर जरबेऱ्याच्या पाकळ्यांतून पाणी ठिबकत होतं. लॉग फाइल मध्येच तुटलेली. म्हणून मेसेज सिरीयल पोर्टवरून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं ठरवलं. यूएआरटी (पायचं सिरीयल पोर्ट चालवणारा भाग) चालू केलं, वायरी जोडल्या, पण पुटीत (लॅपटॉपवर सिरीयलचे मेसेज दाखवणारा प्रोग्रॅम) नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. केबल दोनदा बदलली. उद्या माल निघायचाय. सेटिंग काय ठेवू?

तारजोड:
कोणता पाय? बॉड रेट (पोर्टचा वेग) दोन्हीकडे किती? केबल कोणती, कुठल्या पिनला काय जोडलंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भातखाचर:
सिरीयलच्या नादी लागू नका. एसएसएच करा (नेटवर्कवरून पायमध्ये शिरा) आणि डीमेसेज (सिस्टिमचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा. माझं तीन वर्षं असंच चाललंय.

तारजोड:
@भातखाचर अहो, कर्नलच (सिस्टिमचा गाभा) अडकल्यावर एसएसएच कुठून लागणार? शेवटच्या ओळी मेमरी कार्डावर पोचतच नाहीत, म्हणून तर फाइल तुटतेय.

मळेवाला:
पाय ३ बी. सीपी२१०२ची (यूएसबी-सिरीयल चिपची) केबल. पिन ८ला केबलचा आरएक्स (घेणारी वायर), १०ला टीएक्स (पाठवणारी), ६ला ग्राउंड. बॉड ९६००, आमचं तापमानाचं मीटर त्यावरच चालतं.

तारजोड:
तिथेच घोळ आहे. मीटरचा आणि कन्सोलचा (सिस्टिमचे मेसेज जिथे निघतात त्याचा) वेग एक असायलाच हवा असं नाही. सीएमडीलाइन फाइलमध्ये (बूटची सेटिंग असते ती) कन्सोलपुढे ११५२०० असेल, तोच पुटीत ठेवा. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. मीटर याच पोर्टवर नाही ना?

मळेवाला:
नाही, ते यूएसबी कन्व्हर्टरवर आहे.

जुनासर्किटवाला:
वेग बदलून भागणार नाही. पाय ३वर चांगलं यूएआरटी ब्लूटूथला दिलेलं असतं, पिनांवर येतं ते मिनी यूएआरटी. त्याचा वेग कोअर क्लॉकवर (चिपच्या आतल्या घड्याळावर) हलतो. डिसेबल-बीटी ओव्हरले (ब्लूटूथ बंद करणारी सेटिंग) टाका.

तारजोड:
यूएआरटी चालू केलं की कोअर क्लॉक २५० मेगाहर्ट्झवर स्थिर होतो. आधी वेग जुळवू द्या. त्यानंतरही अक्षरं फाटली तर तुमचा उपाय आहेच.

पंपवाला:
अ‍ॅडॅप्टर कोणता आहे? पाय ३ला ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा लागतो. मोबाइलच्या चार्जरवर आमचाही असाच अडकायचा.

जुनासर्किटवाला:
पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. केबलची ५ व्होल्टची वायर मोकळी सोडा. मी त्यात एक बोर्ड घालवलाय.

मळेवाला:
अक्षरं आली! लॉगिन विचारतोय. पण बूटचे मेसेज दिसत नाहीत. अ‍ॅडॅप्टर उद्या बघतो.

तारजोड:
सीएमडीलाइनमधला 'क्वाएट' शब्द काढा, लॉगलेव्हल ७ करा, म्हणजे जास्त मेसेज दिसतील. सगळं एकाच ओळीत राहू द्या, मध्ये एंटर मारू नका. पुटीत सेशन लॉगिंग चालू करा, आणि लॅपटॉप झोपणार नाही असं बघा.

मळेवाला:
झालं, बूटच्या ओळी धडाधड येतायत. लॅपटॉप चार्जरला लावून शेडमध्येच ठेवतोय. सकाळी शेवटच्या ओळी इथे टाकतो.

नवीनपाय:
माझ्याकडे पाय ५ आहे, हेच चालेल का?

तारजोड:
त्याला दोन एचडीएमआयच्या मध्ये तीन पिनांचा वेगळा यूएआरटी सॉकेट आहे. नवा धागा काढा, इथे आधी यांचा पाय चालू होऊ द्या.