विदारण, झीज की धूप?

नदीकाठ:
अकरावीला भूगोल शिकवते. विदारण, झीज, धूप हे शब्द मुलं उत्तरपत्रिकेत वाटेल तसे फिरवून लिहितात. हिंदी पुस्तकं वाचणारी त्यात ‘अपरदन’ (झिजेचा हिंदी शब्द) घालतात. फरक कसा सांगावा?

घाटवाट:
खडक जागच्या जागी फुटला, कुजला तर विदारण. त्याचे कण पाण्याने, वाऱ्याने नेले की झीज. धूप शक्यतो मातीची. बांध धुपतो, कडा धुपत नाही.

नदीकाठ:
व्याख्या पाठ आहेत हो त्यांना. उदाहरण हवंय.

कातळ:
झीज म्हटली की सहाण आठवावी. घासल्याशिवाय चंदन झिजत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, रांजण कोरत गेले.

‘विदारण’ मात्र मला पटत नाही. विदारण म्हणजे फाडणे, डोळ्यांपुढे थेट नरसिंह येतो! दगड तडकतो तिथे ठीक. पण आपल्या पावसात बेसाल्ट कुजतो, त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते. त्याला म्हणायचं ‘रासायनिक विदारण’.

घाटवाट:
त्या कुजण्यातून जे तयार होतं त्याला शब्द आहेच की, मुरूम. विहीर खणणाऱ्याला विचारा. वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा कातळ. मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले धोंडे सापडतात, आतला गाभा अजून टणक असतो. वर्ग तिथेच न्यावा.

पायवाट:
मुरूम ‘मुरणे’वरून आला का?

कातळ:
नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती लावू नका. उद्या धूप आणि उदबत्तीचं नातं जोडाल.

नदीकाठ:
मग ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगरावरून जे आलं ते काय? बातम्यांत कुठे दरड, कुठे भूस्खलन.

घाटवाट:
पुस्तकात ‘विस्तृत झीज’. विदारणाने सैल झालेला थर पावसाने भिजून जड होतो आणि उतारावरून सुटतो.

कातळ:
इथे माझी सहाण अडली. घासणारं कोणी नाही, नुसतं वजन. दरडही चपखल नाही. घाटरस्त्यावर उभ्या कड्याचे धोंडे येतात ती दरड. माळीणला चिखल आणि माती आली. मी ‘डोंगर खचला’ म्हणेन.

नदीकाठ:
अरे देवा. ‘डोंगर खचला’ लिहिणाऱ्या एकाचा मी गेल्या वर्षी अर्धा गुण कापलाय.