माझं मत खिडकीला

दिवाळी अंकांतलं आवडतं चित्र कोणतं, या प्रश्नावर इथे सगळ्यांनी मुखपृष्ठंच सांगितलीत. चित्रकार दीनानाथ दलालांची 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठं तर येणारच होती म्हणा. माझं मत मात्र 'आवाज'च्या खिडकीचित्रांना. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक. पानात कापलेल्या खिडकीतून जे दिसतं ते भलतंच चावट वाटतं, आणि पान उलटलं की मागे अगदी सोवळा प्रकार! आमच्याकडे हा अंक कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा. आम्ही अर्थात स्टूल लावायचो. परवा माळ्यावर एक जुना सापडला. खिडकीची कड बोटं लागून लागून मऊ पडलेली, कोपऱ्यातली चिकटपट्टी पिवळी झालेली. पीडीएफमध्ये ही गंमत कुठून येणार? तिथे पानाला पाठच नसते.